तेवीस

ताडीवाला रोडच्या समाजमंदिरात
रोज साडेनऊला आधी चपला मोजतो आम्ही.
दोन, चार, सहा, आठ.
मधला आकडा ओठांतल्या ओठांत म्हणायचा,
असा नियम माझा.
तीन गिळायचा, चार मोठ्यांदा.
अलिफा तीन गिळताना खरोखरचा आवंढा गिळते.

कधी चपला सतरा भरतात.
मग सगळी पोरं वाकून
सतराव्या चपलेचा जोडीदार हुडकतात.
तो बहुतेक वेळा कुत्र्याच्या तोंडात सापडतो.

ऑफिसातून आलेला तक्ता चकचकीत आहे, प्लास्टिकचा,
पाच-पाच सफरचंदांच्या ओळी.
तो कपाटामागे आहे. त्याच्याआड पाल राहते.
आमचं पुस्तक आम्हीच शिवलं:
लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, लाल दोरा, गव्हाची खळ,
अप्पा बळवंत चौकातला घोटीव कागद
(पावती हरवली, म्हणजे पैसे माझेच).

तिनाच्या पानावर स्टेशनसमोरच्या रिक्षा.
चाकं काळ्या कागदाची, माझ्या बांगडीभोवती आखून कापलेली.
तीन, सहा, नऊ,
नऊवर सुमेध थांबला.
"पुढं?"
"पुढची रिक्षा नाय म्हणाली, ताई."
पुण्यात राहून
याला चूक कशी म्हणायची?

पाचाच्या पानासाठी मी सांगितलं, घरून हात आणा.
कागद दिले, पुडीत थोडा थोडा गेरू.
दुसऱ्या दिवशी आले हात,
पिठाचे, मेंदीचे, एक तर बाळाचा, बिस्किटाएवढा.
आम्रपालीनं पाच आणले.
एकेकावर बोट ठेवत गेली:
आईचा, पाच. आत्याचा, दहा.
दादाचा, पंधरा. माझा, वीस.
पप्पांचा.

वर्ग एका सुरात म्हणाला, पंचवीस.
ती म्हणाली, तेवीस.

"चुक" एवढं माझ्या तोंडून निघालंच होतं
तेवढ्यात मी कागद पाहिला.
अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मग मोकळी जागा,
मग करंगळी, जरा बाजूला, लांब राहायला गेल्यासारखी.
"भोसरीला. प्रेसमध्ये," ती म्हणाली,
जसं सांगावं, आमचं घर पुलाच्या अलीकडे.
सुमेधनं स्वतःची मधली दोन बोटं मुडपून बघितली.
पुन्हा उघडली.
आणखी दोघांनी तसंच केलं.

मग तिनं विचारलं,
"ताई, ती दोन ओठांत म्हणायची का?"

मी म्हटलं, आधी खळ वाळू दे.

मागून मालगाडी गेली, लांबलचक,
एरवी आम्ही डबे मोजतो, आज कुणीच मोजले नाहीत.
गाडी संपली तशी अलिफानं आपल्या घरचा हात
पप्पांच्या हाताशेजारी सरकवला
आणि ओठ हलवत, चार आकडे एकापाठोपाठ गिळत,
म्हणाली, "अठ्ठावीस."
सुमेधनं त्याचा लावला. बराच वेळ लागला त्याला.
"तेहतीस."
पुढं कुणीतरी अडतीस, कुणीतरी चाळीस,
त्यावरून भांडण, पुन्हा पहिल्यापासून, बोट ठेवून ठेवून.
कपाटामागच्या तक्त्यावर
ही वाट नाही.
मलाही ती पाठ नव्हती,
मी त्यांच्याबरोबर बोटांवर मोजत होते.

साडेबाराला तो न्यायला आला,
दुसऱ्या पाळीचा डबा खांद्याला, उजवा हात खिशात.
तिनं ओढतच आत आणला. "हे बघा, हे तुम्ही."
तो पानाकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे, मग पुन्हा पानाकडे.
"आकडा बरोबर आहे ना पण?"
"बरोबर आहे," मी म्हटलं.
मग त्यानं खिशातला हात काढून
पानाचा उचकटलेला कोपरा दाबून धरला.
गेरू अजून निघाला नव्हता,
तिन्ही नखांत होता.

"चल," तो तिला म्हणाला, "चप्पल घाल. बस जाईल."