प्रदत्त मत

दिवसभर मी फक्त बोटं पाहिली.
भद्रावती पेठेतली शाळा, चौथी ब चा वर्ग,
पाढ्यांच्या तक्त्याखाली
शाईची बाटली वाळूच्या वाटीत रोवून
डावी तर्जनी. सही. पुढचे.

तीनच्या सुमारास नरसम्मा बिंगी आली,
विड्यांचं सूप सुनेच्या हवाली करून.
यादीत तिच्या नावाखाली आधीच रेघ.
नोंदवहीत सकाळच्या गर्दीतली सुवाच्य सही,
मराठीत: बिंगी न. रा.
ही बाई सही करते तेलुगूत,
एकेक अक्षर जोंधळ्यासारखं गोल.

ना ओटु एवरु एसिन्रु?
माझं मत कुणी टाकलं, हे खोलीत
सगळ्यांनाच कळलं,
आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
शाई मीच लावली होती ना.

आठवायला गेलो तर चेहरा येईना.
एक बोट आलं, गुलाबी नेलपॉलिशचं,
तेही कदाचित दुसऱ्याच कुणाचं.

केंद्राध्यक्ष हत्तुरेबाईंनी पुस्तिका चाळली.
नियम निघाला. कागदाची मतपत्रिका निघाली,
मागे लिहिलेलं: प्रदत्त.
बटण नाही, बीप नाही.
नरसम्मानं फुलीचा शिक्का मारला,
वाळेपर्यंत फुंकर घातली,
आणि तेंदूचं पान दुमडावं
तशी कडा चेपून घडी केली.
पाकीट. लाख. बोटाला शाई.

आता मोजतील की?

मोजत नाहीत.
कोर्टानं मागितल्याशिवाय उघडतसुद्धा नाहीत.
मी म्हणालो, वर पाठवतो.

निकालाला गोदामात शेवटच्या फेरीनंतर
चार हजार एकशे सात.
समोरच्यालाही चार हजार एकशे सात.
पुन्हा मोजले. पुन्हा तेच.
मग कुणाचा तरी दुसरीतला पोरगा
टेबलावर उभा केला,
स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या.
त्यानं एक काढली आणि आईकडे पाहिलं,
बरोबर आलं का म्हणून.
बाहेर हलगी कडाडली. गुलालानं साहेबांचा चष्मा लाल.
पत्र्याच्या पेटीत, सुतळीखाली, ते पाकीट
कुणाच्या डोक्यातही नव्हतं.
माझ्या होतं. मी गप्प होतो.

महिन्यानं मंगळवार बाजारात भेटली.
तंबाखूनं काळवंडलेल्या बोटावर
माझी शाई शोधावी लागली:
नखासोबत निम्म्यावर सरकलेली.

चिठ्ठी काढली म्हणं, सर?
काढली.
एका मतानं फिरलं असतं?
फिरलं असतं.
मग मी टाकलंय की एक.

एवढं बोलून ती शेंगांच्या भावावर घसरली,
पावशेरामागं दोन रुपये सोडवून घेतले.

तिनं फुली कुणावर मारली
ते मी विचारलं नाही.
गुप्त मतदानाचा तिचा हक्क
अजून लाखेखाली आहे,
तेवढा मात्र पुरता शाबूत.