पोच

चूक माझ्या हातची, आणि तीही एका टिंबाची.
सांगलीच्या मार्केट यार्डात मगदुमांची पेढी,
मी तिथं बिलं करते, सौद्याच्या चिठ्ठ्या लिहिते.
ही लिहिली शनिवारी, पाणी येण्याच्या घाईत:
राजापुरी हळद, एकशे ऐंशी पोती,
दर चौदा हजार दोनशे पोच द्यावी

मला म्हणायचं होतं, चिठ्ठी मिळाली की कळवा.
गोंदियाच्या पेढीनं वाचलं, दर पोच.
म्हणजे भाडं तुमचं, वाट तुमची,
आमच्या दारात पोतं टेकेपर्यंत
आभाळही तुमचंच.

आणि यवतमाळच्या अलीकडे गारा पडल्या.
ताडपत्री फाटली. अकरा पोती भिजली.
फोनवर दोन्हीकडून एकच चिठ्ठी वाचली जात होती
आणि दोघंही बरोबर वाचत होते.

बाबगोंडाअण्णा ओरडले नाहीत. ते जास्त वाईट.
उठून मला गोदामाच्या दारात नेलं.
"हा उंबरा बघ. गोदाम भाव म्हटलं
की माल इथंच त्यांचा झाला.
इथून पुढं दऱ्याप्पाच्या पाठीवरचं पोतं
त्यांच्या पैशानं चालतं.
गाडीभरून म्हटलं की हमाली आपली.
फाळका लागला, साखळी अडकली, सुटलो.
पोच म्हटलं की…"
पुढं बोलले नाहीत,
कोल्हापूर रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.
मग म्हणाले, "वडील हरिपुरात पेवावर सौदे करायचे.
रुमालाखाली बोटं धरायची. बोट सोडलं
की बोलणं संपलं, हे आंधळ्यालाही कळायचं.
कागदावर बोट सोडायला टिंब लागतं, बाई."

लहानपणी आत्या म्हणायची, पोरीला पोच नाही.
ती आता आली, अकरा पोत्यांना.

चौथ्या दिवशी इस्माईल मुजावर गाडी घेऊन परतला.
पावतीवर गोंदियाचा शिक्का, खाली शेरा: ११ ओली.
काखेत एक वाकळ, पिवळीधमक.
ताडपत्री फाटली तिथं अंगावरची टाकली म्हणाला,
नाहीतर तीस भिजली असती.
बायकोनं शिवलेली. तीन पाण्यांत धुतली, रंग जाईना.

नऊशे किलोमीटर ती पोती
आमची की त्यांची, हे फोनवर भांडत होतो आम्ही.
रात्रभर ती त्याची होती,
त्याला कुणी विचारलं नव्हतं.

अण्णांनी ओल्या मालाची निम्मी तूट सोसली,
निम्मी गोंदियानं. पुढच्या हंगामाकडे बघून.
मी हिशेब मांडला. भाडं, हमाली, तोलाई, तूट.
वाकळेला रकाना नव्हता.
खाली रेघ ओढून एक ओळ वाढवली:
वाकळ एक, नवी, खर्च आमचेकडे
आणि पेन उचलण्याआधी
टिंब दिलं. ठसठशीत.