न वापरलेल्या फाइली

नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला,
धडफळेबाईंचं वधूवर सूचक मंडळ.
मला बोलावलंय संकेतस्थळ आवरायला.
"स्थळं मी आवरते," बाई म्हणाल्या,
"संकेत तेवढे तुम्ही बघा."

डावीकडच्या पट्टीतला फोल्डर उघडला
तर चौदा हजार तीनशे सहा फाइली,
सगळ्या एकातच,
पहिल्या पंगतीसाठी दाराशी लोटलेल्या माणसांसारख्या.

फोटो१. फोटो१ (२). नवीन. नवीन_नवीन.
चष्म्याशिवाय. चष्म्याशिवाय_खरा.
सानप_पत्रिका_मंगळ_काढलेला.
शेवटचा.
शेवटचा_आईने_निवडलेला.

माझ्याआधी इथे कुणी मोहनीश होता.
प्रत्येक फाइल दोनदा चढवायचा,
एकदा चुकून, एकदा चूक सुधारायला.
मग तो हिंजवडीत लागला.

मी नावं बदलत गेले. आडनाव, साल, क्रमांक.
शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी,
कारण एकदम सगळं ओढलं की सॉफ्टवेअर गोठतं,
पांढरं पडतं, मुलीकडच्यांनी पगाराची पावती मागितल्यावर
मुलाचा मामा पडतो तसं.

तिसऱ्या दिवशी ते म्हणालं :
या दोन हजार एकशे चाळीस फाइली
कुठल्याच पानावर वापरलेल्या नाहीत.
कुठूनही यांच्याकडे दुवा नाही.
काढून टाकू?

बाईंनी खुर्ची ओढली, चष्मा पदराला पुसला.
"एकेक दाखवा."
"बाई, दोन हजार आहेत."
"मग लवकर सुरू करा."

ही नको म्हणाली, जर्मनीला गेली,
तिथून राखी पाठवते माझ्या मुलाला.
हा पत्ता चुकला, भलत्याच घरी पोहे खाऊन आला.
हिचं आम्ही सुचवलेल्याशी नाही जमलं,
बाहेरच्या बाकावर बसलेल्याशी जमलं,
आता ते कुठल्या रकान्यात लिहायचं?
हे दोघं नवराबायको. पुन्हा नाव घालायला आले,
वेगवेगळे, एकाच आठवड्यात.

आणि मग राजोपाध्ये, निशिकांत.
नऊ फोटो, बारा वर्षांतले.
मी सालाप्रमाणे ओळीत लावले.
शर्ट तोच, चौकडीचा.
केस मागे मागे गेलेले,
मे महिन्यात खडकवासल्याचं पाणी जातं तसे.
उत्पन्नाचा आकडा वाढत गेलेला,
अपेक्षांची वाक्यं कमी होत होत
शेवटच्या अर्जात एकच शब्द : चालेल.

खात्री आहे का? सॉफ्टवेअरनं पुन्हा विचारलं.

"गुरुवारी येतो तो," बाई म्हणाल्या,
"फोटो बदलायचाय म्हणून.
चहा घेतो. फोटो विसरतो.
ही ट्यूब त्यानंच बसवली."
मी वर पाहिलं.
जराशी तिरकी होती, पण उजेड चांगला होता.

"वेगळा फोल्डर करा."
"नाव काय देऊ?"
खाली झेरॉक्सचं मशीन धडधडत होतं.
"राहू दे," त्या म्हणाल्या.

त्यांना बहुतेक म्हणायचं होतं,
नाव राहू दे.
मी तेच टाइप केलं.

यंत्रानं अक्षरक्रमानं त्याला जागा दिली :
मुलगे
मुली
राहू दे
लग्न ठरलेले

अजून सतराशे बाकी होत्या.
बाईंनी खिडकीतून दोन चहा सांगितले.