सात नंबरचं बटण

दिवाळे गावच्या धक्क्यावर ओहोटीत कलंडलेली होडी,
तिच्या केबिनमध्ये मी उकिडवा,
दातांत टॉर्च, हातात स्क्रू-ड्रायव्हर,
आणि समोर पत्रा,
एकेकाळी काळा असावा.
मिठानं त्याला देवीचे व्रण दिलेले.
अक्षरं गेलेली. एका बटणाखाली नुसता 'प' उरलेला,
पंपाचा असेल, पंख्याचा असेल.
जोमा तांडेलला विचारलं तर म्हणाला,
"आंधारान कोन वाचतंय?"

खरंच. त्याचा अंगठा वाचायचा.
भोंग्याच्या बटणाची डावी कड झिजून गोटीसारखी,
पंपाचं रबर तडकलेलं, आत हिरवं पडलेलं तांबं,
आणि फ्यूजच्या जागी
सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद,
घडी घालून, नीट बसवलेला.
मी त्याच्याकडे पाहिलं.
त्यानं खाडीकडे पाहिलं.

नवा पत्रा तुर्भ्याला एमआयडीसीत कापायचा होता.
पुठ्ठ्यावर भोकं गिरवताना वाटलं, जरा ओळीत आणावं सगळं,
दिवे वर, पंप खाली, भोंगा हाताशी.
तांडेलनं पुठ्ठा उलटा धरला, सुलटा धरला.
"हाय तसाच ठेव. साठी झाली माजी,
आता यो हात नवीन गाव नाय शिकनार."

तेलाच्या मीटरचंही तेच.
इंजिन बंद, तरी काटा आठावर उभा.
मी नव्याचा खोका फोडला, तर हा म्हणतो,
"यो आठानं खोटा बोलतो, मना म्हाईत हाय.
नवीन कितीनं बोलल, मना काय म्हाईत?"
वाद घालून घालून शेवटी दोन्ही बसवले,
एकमेकांकडे तोंड करून बसलेल्या साक्षीदारांसारखे.

राहिलं सातवं बटण.
त्याची वायर बोटांनी चाचपत गेलो,
फळीमागून, डिझेलच्या टाकीला वळसा,
झुरळांच्या वस्तीतून,
आणि डोलकाठीच्या बुडाशी ती संपली.
कापलेली. टोकाला टेप. टेपवर चढलेला जुना निळा रंग.
"तांडेल, हे कशाचं?"
"करंज्याच्या ज्या मानसाकडनं होरी घेतली, त्यानं सांगतलं,
निघताना यो पयला दाबाचा."
"दाबलं की काय होतं?"
"मी इचारलाच नाय."
एकोणीस वर्षं. रोज.

नातीनं, हर्षालीनं, वहीच्या पानावर नावं लिहून दिली,
आजा बोलला तश्शी:
डोलीचा दिवा. लाल-हिरवा. पंप. भोंगा. केबिन.
मासं बघाचा.
सात हा आकडा घालून मात्र पेन्सिल थांबली असणार,
पुढे एक ठिपका होता, जरा खोल गेलेला.
लेझरवरच्या पोरानं काही विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
पत्रा आला तो असा: सहा नावं,
आणि सातव्याखाली नुसता ७,
ठिपक्यासकट.

बिलात मी बटणं सहाच धरली होती.
त्यानं सातांचे पैसे दिले,
दमट नोटा, दोनदा मोजून.

भरती चढली तशी होडी सरळ झाली.
तिवरांच्या पलीकडे पाम बीच रस्त्याचे दिवे लागले.
तांडेलनं नव्या पत्र्यावरून तळहात फिरवला,
कडेशी थांबला, धार लागली असावी,
"घासून देतो," म्हणालो मी,
"र्‍हाऊ दे, घासल आपोआप," म्हणाला तो.
मग अंगठा न अडखळता सातावर गेला.
खट्.
कुठेच काही लागलं नाही.
त्या वायरचं टोक मी नव्या टेपनं बांधलंय,
सांगायचं राहिलं.

त्यानं चावी फिरवली.
फळ्या थरथरल्या, मागे काळा धूर, एक बगळा उडाला,
नवा काटा शून्यावरून उठला,
जुना आठावरून.