नूतनीकरण

पत्र फेब्रुवारीत आलं.
प्रमाणपत्राची मुदत एकतीस मार्चला संपते.
वीस तास हवेत, तुमच्या नावावर बारा.
उरलेले आठ भरा,
नाहीतर दारावरची पाटी उतरवा.

एकोणीस वर्षं मी उभी आहे
चावडीच्या इस्पितळामागच्या त्या हौदात,
बरगडीच्या टोकापर्यंत,
तेहेतीस अंश ऊन पाण्यात.
बोटांना सुरकुत्या,
केसांना शिकेकाईलाही न जुमानणारा क्लोरीनचा वास.
हे तास कुणी धरले नाहीत.
धरले असते
तर आजवर मला कल्ले फुटले असते.

आगोंदचा इनास रॉड्रिग्ज.
चाळीस वर्षं रापण ओढली,
आता डावं अंग त्याचं ऐकत नाही.
पहिल्या दिवशी पायरीवरच बसून राहिला.
पाण्यात बोट बुडवलं, चाखलं,
"बाये, हाका मीठ ना.
हें उदक म्हाका वळखना."
पोहता येत नाही,
हे त्यानं तिसऱ्या आठवड्यात सांगितलं,
तेही बायको ऐकणार नाही इतक्या हळू.

शनिवारी पहाटेची कदंबा धरली.
करमळ घाटात ओकारी आली, मडगावात चहा घेतला,
ताळगावच्या हॉटेलात पोचले तेव्हा
पडद्यावर पहिली आकृती लागली होती.
शिकवणारा पुण्याचा, निनाद नाव.
माझी पदवी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी.

प्रश्न सातवा:
पाणी कमरेपर्यंत असताना शरीराचं वजन किती उरतं?
अर्धं.
छातीपर्यंत?
तिसरा हिस्सा, जवळपास.
गळ्यापर्यंत?
दहावा.
मी भराभर खुणा केल्या.
पिएदाद रोज काठावर टॉवेल मांडीवर घेऊन बसते,
तिचं किती उरतं,
ते कुठल्याच पर्यायात नव्हतं.

दुपारी प्रात्यक्षिक. जोड्या लावल्या.
माझ्या वाट्याला केप्याची प्रियल वेळीप,
पहिलंच प्रमाणपत्र, हात थंडगार.
आधी तुम्ही पेशंट व्हा, मॅडम, म्हणाली.
मी पाठीवर झाले.
कान बुडाले. पंपाची धडधड
आणि तिच्याआड आणखी एक, माझीच.
वर एक घार काहीही न करता फिरत होती.

"मॅडम, मान सोडा."

हे वाक्य माझं आहे.
दिवसातून पंधरा वेळा मी ते म्हणते,
मराठीत, कोकणीत, कधी नुसतं अंगठ्यानं.
सोडली की, म्हटलं.
"नाही सोडली."

कधी आवळली होती कुणास ठाऊक.
मुलाच्या बारावीत?
सासऱ्यांच्या अंथरुणाशी?
की पहिल्याच वर्षी,
एक म्हातारी माझ्या हातांतून निसटली तेव्हा?
दोन पळं, जास्त नाही.
वर आली, खोकली, हसली,
पुढच्या आठवड्यात फणसाचे गरे घेऊन आली.
मी ते कुणालाच सांगितलं नाही.
गरे मात्र सगळ्यांना वाटले.

प्रियल काही बोलली नाही.
तळवा बोटभर खाली सरकवला,
आणि माझ्या डोक्याचं वजन
मला पहिल्यांदा कळलं,
कारण ते दुसऱ्याच्या हातात होतं.

अभिप्रायाचा फॉर्म: एक ते पाच.
पाचला गोल केला.
खाली 'सविस्तर' असं लिहिलेल्या तीन ओळी
कोऱ्याच राहिल्या, ओल्या कोपरानं थोड्या फुगल्या.

सोमवारी इनास पायरीवर.
"पास?"
पास.
"म्हणजे आतां फी वाडटली?"
नाही रे बाबा. ये, उतर.

मानेखाली हात दिला,
नेहमीपेक्षा बोटभर खाली.
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"हात बदललो काय गे तुजो?"
नाही, म्हटलं, तोच आहे.

काठावर पिएदादनं
टॉवेलची घडी मोडली,
आणि परत घालायला ती विसरली.