अडीच दिवसांची रजा

शनिवार, रविवार आणि सोमवारची अर्धी सही,
एवढ्यावर मी नांदेडहून कंधारला आले.
पाठीवर मुलीचं जुनं दप्तर,
त्यात नऊ ट्यूबा, दोन ब्रश, पाण्याची बाटली
आणि एक पेरू, तो बसमध्येच संपला.

जगत्तुंग समुद्राच्या काठी
दगड तापायच्या आत बसले.
समुद्र म्हणायचं, एवढंच.
पाणी आत सरकलेलं, मागं वाळल्या चिखलाची कातडी,
आणि एक बगळा, चित्रात यायचं नाही असं ठरवलेला.

आधी आभाळ.
ते इथं सकाळी निळं नसतंच, दुधात राख पडल्यासारखं.
ओल्यावर ओलं लावायचं, तर दुसऱ्या कडेला पोचेतो
अर्धं वाळून गेलेलं.
मधोमध एक रेघ उमटली, ढग नसताना ढगाची.
राहू दिली.

मातीचं मात्र जमेना.
बर्न्ट अंबर लावला, ती लाकडासारखी दिसली.
काळा घातला, तर डांबर.
तूर काढून नेलेली, नुसती खुंटं;
पलीकडे करडई, तिचं पिवळं इतकं काटेरी
की ब्रशच्या उलट्या टोकानं खरवडून काढलं.

"काय काढायलाव?"

मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कोण जाणे.
हातात गोफण, ओट्यात खडे. केवळाबाई.
"तुमचं शेत," म्हटलं.
बघत राहिल्या. मग बोट, कागदाला न टेकवता:
"हे माझं न्हाई. हे चुलत्याचं.
माझं अलीकडं, जिथं तुमी पांढरं सोडलाव."

तिथं ज्वारी होती.
कणसांवरचं ऊन रंगवायचं नसतं, राखायचं असतं,
मुखेडकर सर सांगायचे.
मी ते बाईंना सांगू लागले आणि मध्येच थांबले,
कारण त्यांनी गोफण फिरवली, "हाऽऽ हाऽऽ"
आणि माझ्या कोऱ्या जागेतून
शे-दीडशे पाखरं उठली.

"लावा की कायतरी," त्या म्हणाल्या,
"मोकळं दिसलं की उतरत्यात."

बाटलीतलं पाणी गढूळलं होतं.
त्यांच्या तांब्यातलं आधी मला प्यायला लावलं,
मग उरलेलं डबीत.
चिमूटभर मातीही दिली, "इकत कशाला घेता?"
मी ती कालवून लावली.
ओली होती तोवर अगदी तीच,
वाळली आणि राखाडी झाली, ट्यूबेपेक्षा वाईट.
दोघीही बघत बसलो तिचं वाळणं.

सोमवारी दुपारी दोनला काउंटरवर.
नखात करडई.
एका गृहस्थांना फॉर्म दिला,
सही कुठं करायची त्या पांढऱ्या चौकटीवर बोट ठेवलं,
ते पेन शोधत राहिले खिशात, बराच वेळ,
आणि मला उगीच वाटलं,
एकदा हाकारावं.