एकशे अकरावा दिवस

तांको पहाटे बादली ठेवून जातो.
वर गोणपाट, त्यावर बर्फाचा चुरा.
म्हणतो, विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं गाभण आहे म्हणून.
मग जरा थांबून :
ठाऊक असेलही.

सोकोतोत हरमॅटनचे दिवस.
धूळ बंद खिडकीतूनही येते,
भिंगावर बसते, दातांत करकरते.
असाबे दोरा घेते,
टाळूपासून शेपटीच्या मुळापर्यंत
पाठीच्या बाकावरून अलगद फिरवते.
छत्तीस सेंटिमीटर.
वहीत लिहिते : दिवस एकशे अकरा.
तांबडी लव नुकती उगवू लागलेली,
कान ओले, दुमडलेले.

मूत्रपिंडाच्या डोक्याशी
चवळीच्या दाण्याएवढी ग्रंथी.
अधिवृक्क.
मेणात बसवायची, पापुद्रे काढायचे,
जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवायचे,
आणि मग बघत राहायचं.

बाहेरची साल इथलीच,
पोटाच्या अस्तरातून उगवलेली.
आतला गर मात्र परका :
कण्याच्या काठावरून निघालेल्या पेशी
कुणी न बोलावता चालत आल्या,
सालीतून वाट काढत आत शिरल्या.
पाहुणे माजघरात,
घरचे ओसरीवर.
अजून सगळे स्थिरावले नाहीत;
काही बेटं वाटेतच रेंगाळलेली,
तिसाव्या काचेवर स्पष्ट दिसतात.

दचकायची जागा ही.
दचकावं असं काही भेटण्याआधीच
बांधायला घेतलेली.

आणि दुसरंही एक काम हिच्याकडे.
दिवस भरत आले की
ही चवळी फुगते, रक्तात निरोप सोडते,
तेव्हा कुठे आईला कळा सुरू होतात.
शेळी ठरवत नाही.
आतलं ठरवतं.

घरी असाबेची शेळी दोन दिवस अंग चोरून उभी आहे,
चाऱ्याला तोंड लावत नाही.
शेजारची इन्ना कुंपणावरून विचारते,
एवढं शिकलीस, सांग की कधी विणार?
आतल्याला विचारा, असाबे म्हणते.
इन्ना हसते. थट्टा वाटते तिला.

रात्री कंदील घेऊन ती गोठ्यात बसते,
तळवा शेळीच्या कुशीवर.
खालून एक खूर ढोसतो,
पुन्हा ढोसतो.
तिला तिसावी काच आठवते,
वाटेतली ती बेटं.
एकोणचाळीस दिवस कमी पडले होते.

मग शेळी खाली बसते.
असाबे बाह्या वर सारते.